वॅक्सच्या आधीचे सहा तास: गाडीच्या रंगाची पूर्वतयारी

पावसाळा सरत येतो, दसरा पंधरा दिवसांवर येऊन ठेपतो आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॅक्सच्या डब्या दिसू लागतात. रविवारी सकाळी गाडीवर दोन बादल्या पाणी मारायचे, जुन्या बनियनने ती पुसायची आणि डबीतले वॅक्स गोलगोल चोळून टाकायचे, असा बहुतेकांचा शिरस्ता असतो. गाडी दोन दिवस चकाकते. तिसऱ्या दिवशी उन्हात बॉनेटवर कोळिष्टकासारख्या बारीक रेषा दिसू लागतात आणि त्याचे खापर वॅक्सवर फुटते. वास्तविक वॅक्सचे काम रंगावर एक पातळ, पारदर्शक थर बसवण्याचे असते. त्या थराखाली जे काही असेल ते जागच्या जागी कोंडले जाते, मग ती धूळ असो, डांबराचा ठिपका असो की लोखंडाचा कण. माझ्या २०१६ सालच्या गडद निळ्या हॅचबॅकला वॅक्स लावायला मला पाऊण तास लागतो, आणि त्याआधीच्या तयारीला साधारण सहा तास. हा लेख त्या सहा तासांविषयी आहे.

आधी थोडे रंगाविषयी

आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर रंगहीन क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडीचे असते, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढे किंवा त्याहून किंचित अधिक. त्यातला क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. चमक त्याचीच असते, ओरखडे त्यावरच पडतात, आणि पॉलिश करताना झिजतो तोही तोच. एकदा झिजलेला क्लिअर कोट कोणत्याही डबीतून परत मिळत नाही. म्हणून तयारीचा सगळा क्रम एकाच हिशेबाने लावायचा असतो: जे पाण्याने निघते त्याला हात लावायचा नाही, जे शाम्पूने निघते त्याला रसायन लावायचे नाही, आणि जे रसायनाने निघते ते घासायचे नाही. घासणे सर्वांत शेवटी, आणि तेही गरज असेल तरच.

आणखी एक घोळ शब्दांचा आहे. आपल्याकडे दुकानात चमक आणणाऱ्या प्रत्येक वस्तूला सरसकट ‘पॉलिश’ म्हणतात. परंतु रबिंग कंपाऊंड आणि पॉलिश या दोन्हींत घासणारे कण असतात. पहिल्यात जाड, दुसऱ्यात बारीक. दोन्ही क्लिअर कोटचा अंश काढून टाकतात. वॅक्स मात्र काढत काही नाही, ते वर बसते. ‘क्लीनर वॅक्स’ नावाच्या प्रकारात दोन्हींचे मिश्रण असते. ‘पॉलिश द्या’ म्हटल्यावर दुकानदाराने हातात ठेवलेली डबी नेमकी कशाची आहे हे लेबलावर वाचल्याशिवाय घरी आणू नये. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडचे जाड रबिंग कंपाऊंड वॅक्स समजून दर महिन्याला चोळणारे लोक मी पाहिलेले आहेत.

ज्या गाडीवर मॅट रंग आहे तिला यातले पॉलिशिंग आणि वॅक्स दोन्ही वर्ज्य आहे. ज्या भागाचे नुकतेच पेंटिंग झाले आहे त्याला रंगाच्या उत्पादकाने सांगितलेला काळ, बहुधा ३० ते ९० दिवस, जाऊ द्यावा, कारण रंगातले द्रावक तोवर हळूहळू उडत असतात.

जागा, वेळ आणि पाणी

ही तयारी उन्हात करता येत नाही. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळतो, रसायन वाळते, पाण्याचे थेंब आपापले क्षार मागे ठेवून उडून जातात. सकाळी साडेसहाला सुरुवात केली तर उन्हे चढण्याआधी धुणे आणि रसायनाची कामे उरकतात. पुढचे काम छपराखाली करता येते. बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा, गार लागले पाहिजे. परतीच्या पावसाचे दिवस असल्यामुळे उघड्यावर काम करणार असाल तर आकाशाचा अंदाज घेऊनच बादली भरावी.

पाण्याचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या उपनगरांत फार खरा आहे. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते, आणि काळ्या किंवा निळ्या गाडीवर ते वाळले की पांढरी वर्तुळे उरतात. धुण्यासाठी ते चालते, पण शेवटच्या धुण्यासाठी मी दुसरे पाणी वापरतो. एसीच्या पाइपातून गळणारे पाणी म्हणजे हवेतली वाफ गार होऊन झालेले पाणी. त्यात क्षार जवळजवळ नसतात. आदल्या आठवड्यात ते एका झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, तलम फडक्यातून गाळून ठेवावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र या कामाला बिलकूल वापरू नये. पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने अनेक जण तेच वापरतात. पण गाळलेल्या पाण्यातले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात.

होज नसेल तर बागेची झारी किंवा शेतीचा पाठीवरचा फवारणी पंप उत्तम काम देतो. पंप नवा असावा. ज्यातून तणनाशक किंवा कीटकनाशक मारले आहे तो नको.

धुणे: बहुतेक ओरखडे येथेच पडतात

सोसायट्यांमध्ये रोज पहाटे गाड्या पुसण्याची पद्धत आहे. एक बादली, एक फडका आणि वीस गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत बादलीच्या तळाशी वाळू जमलेली असते आणि फडका म्हणजे पॉलिश पेपरच झालेला असतो. यात त्या पुसणाऱ्या माणसाची चूक नाही; महिन्याच्या तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या वेळात दुसरे काही होऊ शकत नाही. आमच्याकडच्या काकांना मी सरळ सांगून टाकले की माझ्या फक्त काचा पुसत जा, पैसे तेवढेच देईन. दोन वर्षांत गाडीच्या अंगावरच्या नव्या रेषा जवळपास थांबल्या.

वॅक्सआधीच्या दिवशी सुरुवात चाकांपासून करावी. चाकांवरची घाण सर्वांत काळी आणि कणीदार असते, त्यामुळे त्यांची बादली, ब्रश आणि फडका वेगळा असावा आणि तो पुन्हा रंगाला लागता कामा नये. चाके झाल्यावर संपूर्ण गाडीवर टपापासून खालपर्यंत नुसते पाणी सोडावे. बॉनेट आणि काचेच्या मधल्या खाचेत, आरशांखाली, दारांच्या कडांत आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला पावसाळ्यात माती घट्ट बसलेली असते. कोकणात जाऊन आलेल्या गाडीत तर लाल मातीचे थरच निघतात. ती माती येथेच वाहून गेली नाही तर नंतर क्लेखाली, म्हणजे रंगाला चिकटलेले कण खेचून काढणाऱ्या कणकेसारख्या गोळ्याखाली, सापडते.

त्यानंतर शाम्पूचा फेस. प्रेशर वॉशर असेल तर फोम गनने, नसेल तर दीड-दोन लिटरच्या हाताच्या फवाऱ्याने फेस मारावा आणि चार-पाच मिनिटे राहू द्यावा. तो वाळू लागण्यापूर्वी धुऊन टाकावा. या एका पायरीत अर्धीअधिक धूळ हात न लावता निघून जाते.

मग दोन बादल्या. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. लोकरी किंवा मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनेल पुसायचे, मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचा. दुसऱ्या बादलीतले पाणी चौथ्या-पाचव्या पॅनेलनंतर पाहिले की ही पद्धत कशासाठी आहे हे आपोआप कळते. बादलीच्या तळाशी जाळी ठेवली तर कण खाली बसतात आणि मोज्याला लागत नाहीत. क्रम टप, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा भाग आणि सर्वांत शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर असा ठेवावा. हात सरळ रेषेत फिरवावा, गोल नको. दाब मोज्याच्या वजनाएवढाच.

शाम्पू कोणता, यावर बरीच चर्चा होते. उदासीन पीएचचा कोणताही कार शाम्पू चालेल. जुने वॅक्स उतरवायचे म्हणून भांड्यांचा द्रव साबण वापरा असा सल्ला ऐकू येतो. वर्षातून एकदा वापरल्याने गाडीचे काही बिघडणार नाही, परंतु पुढे क्ले आणि अल्कोहोल यांनी तेच काम अधिक नेमके होणार असताना रबर आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांना उगीच कोरडे पाडण्यात मला अर्थ दिसत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीचा तर विचारही नको. ती क्षारधर्मी असते, आणि नीट न विरघळलेले तिचे कण रंगावर घासले जातात.

पक्ष्यांची विष्ठा वाळलेली असेल तर ती नखाने किंवा कोरड्या फडक्याने खरवडू नये. पक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात आणि त्यांचे बारीक कण विष्ठेत असू शकतात. ओला, जाड फडका तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावा आणि मग उचलून घ्यावा. विष्ठा आम्लधर्मी असल्याने खाली पुष्कळदा मळकट छाप उरतो. तो घाणीचा नसून क्लिअर कोट कोरला गेल्याचा असतो आणि धुऊन जात नाही. त्याची नोंद करून पुढे जावे.

डांबर, डिंक आणि पाण्याचे डाग

धुतलेल्या गाडीवर जे उरते ते चिकटलेले असते, आणि प्रत्येक चिकट गोष्टीचे उत्तर वेगळे आहे. पावसाळ्यानंतर महापालिका खड्डे बुजवते, आणि त्या ओल्या डांबराचे काळे ठिपके चाकांमागच्या भागावर आणि दारांच्या तळाशी येऊन बसतात. टार रिमूव्हर कोरड्या पृष्ठभागावर अधिक चांगले काम करतो, म्हणून तेवढाच भाग टिपून घ्यावा, फडक्यावर रसायन घेऊन ठिपक्यावर मिनिटभर धरावे, आणि डांबर तपकिरी होऊन ओघळू लागले की पुसावे. घासण्याची घाई केली तर विरघळलेले डांबर पसरते. रॉकेल किंवा टर्पेंटाइन हा जुना उपाय चालतो, मात्र त्याचा तेलकट थर शाम्पूने लगेच धुवावा लागतो. पेट्रोल मी टाळतो. बंद पार्किंगमध्ये त्याची वाफ धोक्याची असते, आणि आजूबाजूला कोणी सिगारेट पेटवणार नाही याची हमी कोण देणार?

झाडाचा डिंक किंवा चिकट रस आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ होतो. ओला कापूस मिनिटभर ठेवून हलकेच उचलावा.

पाण्याचे पांढरे डाग बोटाला खरखरीत लागत असतील तर ते वर बसलेले क्षार असतात. पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन ते फडक्याने डागावर एक-दोन मिनिटे धरावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. येथे एक इशारा देतो, कारण मी स्वतः फसलेलो आहे. शहाबादी आणि कोटा या दोन्ही फरश्या चुनखडीच्या जातीच्या असतात, आणि व्हिनेगर त्यांनाही तसेच खाते. आमच्या पार्किंगमध्ये माझ्या डाव्या मागच्या चाकापाशी एक फिकट पट्टा आहे, तो माझीच करणी. गाडीखाली आधी भरपूर पाणी ओतून ठेवावे. जे डाग व्हिनेगरनेही जात नाहीत आणि बोटाला गुळगुळीत लागतात ते क्लिअर कोटमध्ये उतरलेले असतात. त्यांच्यावर व्हिनेगरचा मारा वाढवून उपयोग नाही.

जवळपास इमारतीचे काम चालू असेल तर सिमेंटचे शिंतोडे उडतात. ओले असतील तर नुसत्या पाण्याने जातात. एकदा धरले की प्रकरण अवघड होते. व्हिनेगरने भिजवून मऊ करावे, पुन्हा भिजवावे, पण पात्याने टोकरू नये.

लोखंडाचे कण

हा टप्पा आपल्याकडे बहुतेक जण गाळतात, कारण ही घाण डोळ्यांना दिसत नाही. ब्रेक लावताना डिस्क आणि पॅड झिजतात, त्यांचे तापलेले सूक्ष्म कण उडून क्लिअर कोटमध्ये रुततात आणि तेथेच गंजतात. पांढऱ्या गाडीवर जवळून पाहिले तर सुईच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके दिसतात, आणि पत्रा गंजू लागला असे समजून लोक घाबरतात. रेल्वेमार्गाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हे कण विशेष असतात, कारण रुळांचे आणि चाकांचे लोखंडही हवेत उडत असते.

माझ्या एका मित्राची पांढरी सेडान ठाण्यात स्टेशनच्या भिंतीला लागून असलेल्या जागेत उभी असते. मागच्या वर्षी धुऊन स्वच्छ झालेल्या त्या गाडीवर आम्ही आयर्न रिमूव्हर फवारला. पहिला मिनिटभर काहीच झाले नाही. मग बॉनेटवर ठिकठिकाणी जांभळे ठिपके उमटले, ठिपक्यांचे ओघळ झाले, आणि दारांवरून जांभळ्या धारा खाली उतरू लागल्या. शेजारची गाडी पुसणारा मुलगा धावत आला, “अहो दादा, रंग निघतोय गाडीचा!” त्याला फडक्यावर पांढरा रंग नसल्याचे दाखवावे लागले. या द्रावणात थायोग्लायकोलेट नावाच्या वर्गातले क्षार असतात. त्यांची लोखंडाशी प्रक्रिया होऊन जांभळा संयुग तयार होतो आणि तो पाण्यात विरघळून जातो. केस कुरळे करण्याच्या पार्लरमधल्या द्रावणातही हाच वर्ग असतो, त्यामुळे वासही तसाच, सडक्या अंड्यासारखा येतो.

वापरताना पृष्ठभाग गार आणि सावलीत असावा, हातमोजे घालावेत, एका वेळी गाडीची एकच बाजू घ्यावी. तीन ते पाच मिनिटे पुरतात; लेबलावर कमी वेळ लिहिला असेल तर तो पाळावा. द्रावण कोणत्याही परिस्थितीत वाळू देऊ नये. नंतर धुताना दारांच्या फटी आणि दिव्यांच्या कडा विशेष धुवाव्यात. डांबराचे काम याच्या आधी करण्याचे कारण असे की डांबराखाली दडलेल्या कणापर्यंत हे रसायन पोहोचत नाही.

क्ले

आता प्लास्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून बोटांची टोके ओल्या बॉनेटवरून फिरवावीत. उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा लागतो. हा खरखरीतपणा क्लेने जातो. क्ले बार हा मळलेल्या कणकेसारखा, अत्यंत बारीक घासणारे कण असलेला गोळा असतो. रंगाच्या पातळीच्या वर आलेला कण तो खेचून घेतो; खोल ओरखड्यांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

पन्नास ग्रॅम क्ले एका हॅचबॅकला पुरते. सकाळच्या गारव्यात ती कडक असेल तर कोमट पाण्यात दोन मिनिटे ठेवावी. पुरीच्या लाटीएवढा तुकडा घेऊन तीन बोटांखाली मावेल अशी चकती करावी. साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा भाग घ्यावा आणि त्यावर क्लेचे वंगण भरपूर फवारावे. वंगण विकत न घेता शाम्पूचे पाणीही वापरता येते, फक्त ते सढळ असावे. चकती वजन न देता, सरळ रेषेत, मागे-पुढे सरकवावी. सुरुवातीला ती अडखळते आणि बारीक खसखस ऐकू येते. काही फेऱ्यांनंतर आवाज थांबतो आणि चकती बर्फावरून जावी तशी जाते, म्हणजे तेवढा भाग झाला. चकती उलटून पाहावी. पांढऱ्या क्लेवर राखाडी पट्टे दिसतात. ती मळून, स्वच्छ बाजू वर काढून पुढच्या भागाकडे वळावे.

क्ले जमिनीवर पडली तर ती फेकून द्यायची. येथे काटकसर करू नये. पहिल्याच वर्षी माझ्या हातून ती निसटली, नळाखाली धुतली, स्वच्छ दिसली म्हणून मी काम चालू ठेवले. चालकाच्या दारावर कमानीसारखा एक ओरखडा त्या दिवसापासून आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात तो अजून मला दिसतो. एकच मोठा गोळा न वापरता अर्धी क्ले डबीत राखून ठेवण्याची सवय तेव्हापासून लागली.

गडद आणि मऊ रंगावर क्ले स्वतःही धुरकट खुणा सोडते. नंतर पॉलिश करणार नसाल तर सर्वांत मऊ प्रतीची क्ले घ्यावी आणि पिशवीच्या चाचणीत जेथे खरखर लागली तेवढ्याच जागी फिरवावी. संपूर्ण गाडीवर दरवर्षी क्ले फिरवलीच पाहिजे असा काही नियम नाही. ज्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसवलेला कडक संरक्षक थर, आहे तिच्यावर तर ती फिरवूच नये.

क्ले झाल्यावर गाडी पुन्हा शाम्पूने धुवावी. वंगणाचा थर आणि सुटलेले कण राहिले तर पुढचे सगळे वाया जाते. शेवटचे पाणी एसीचे. कोरडे करण्यासाठी जाड, मोठा मायक्रोफायबर टॉवेल ओल्या पत्र्यावर पसरावा आणि दोन टोकांनी धरून हळूच ओढावा. पिळून पुन्हा पसरावा. घासू नये. दारे, डिकी आणि बॉनेट उघडून कडांतले पाणी टिपावे. आरशाच्या आत साठलेले पाणी पंधरा मिनिटांनी हमखास ओघळते, म्हणून आरशाखाली एक घडी केलेला फडका अडकवून ठेवावा.

पॉलिश करायचे की नाही

गाडी पूर्ण कोरडी झाल्यावर छपराखालच्या अंधारात एलईडीची टॉर्च तिरपी धरून प्रत्येक पॅनेल पाहावे. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतील. पांढऱ्या व चंदेरी गाड्यांत त्या फारशा दिसत नाहीत. अशा गाडीच्या मालकाने, मन मोठे करून, पॉलिशची पायरी सोडून दिली तर त्याचे काही नुकसान होत नाही. पॉलिशच्या प्रत्येक फेरीत क्लिअर कोट थोडा जातो, आणि जो ओरखडा फक्त टॉर्चच्या उजेडात दिसतो त्यासाठी तो खर्च करायचा का, हे मालकाने ठरवावे. माझ्या मते दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे.

करायचेच असेल तर आधी कडा, तीक्ष्ण वळणरेषा, रबर आणि काळे प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावावी. कडांवर रंग मुळात पातळ असतो आणि तेथेच तो आधी फाटतो. डिकीच्या कोपऱ्यात एक हातभर जागा चाचणीसाठी घ्यावी. सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ फोमचे पॅड यांनी सुरुवात करावी. पुरेसा फरक पडला तर त्याहून कडक काही उघडूसुद्धा नये. नवशिक्याने दुहेरी गतीचे, म्हणजे ड्युअल ॲक्शन मशीनच वापरावे. गॅरेजमधले एकाच दिशेने गरगर फिरणारे रोटरी मशीन अनुभवी हातात उत्तम, पण नवख्या हातात काही सेकंदांत रंग जाळते. पॅडवर हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब, दोन फुटांचा चौकोन, आधी आडव्या मग उभ्या संथ फेऱ्या, आणि लगेच मायक्रोफायबरने पुसून टॉर्चखाली तपासणी. हाताने फोमच्या पॅडने केले तर चमक येते, पण जाळे फारसे जात नाही. अपेक्षा तेवढीच ठेवावी.

ज्या ओरखड्यात नख अडकते तो पॉलिशने काढायचा प्रयत्न करू नये; तो बहुधा क्लिअर कोटच्या पार गेलेला असतो. तसेच फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला तर ताबडतोब थांबावे: एक तर त्या गाडीला क्लिअर कोट मुळातच नाही, जसा जुन्या पद्मिनी-ॲम्बॅसॅडरना नसे, किंवा होता तो तुम्ही संपवला आहे.

शेवटचे पुसणे

पॉलिशमध्ये तेले असतात. ती ओरखडे तात्पुरते भरून काढतात, त्यामुळे काम झाले असा भास होतो, आणि नैसर्गिक वॅक्सऐवजी लावायचे कृत्रिम सीलंट असेल तर त्याला रंगावर धरू देत नाहीत. ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा वॅक्स या बाबतीत अधिक सोशिक आहे, तरी पुसलेले बरे. औषधांच्या दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर चार भाग घेतले की सुमारे १४ टक्क्यांचे मिश्रण होते, ते पुरते. हाताचे सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन आणि जेल असते. एका पॅनेलवर फवारावे, एका फडक्याने पुसावे, दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावे. ३०० ते ४०० जीएसएमचे (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचे), कडेला शिवण नसलेले फडके घ्यावेत आणि ते फॅब्रिक सॉफ्टनर न घालता धुतलेले असावेत. अल्कोहोल ज्वलनशील आहे, तेव्हा देवघरातली समई किंवा उदबत्ती पार्किंगमध्ये आणण्याची वेळ ही नव्हे.

पुसून झाल्यावर ते जाळे पुन्हा दिसू लागले, तर पॉलिशने ते काढले नव्हते, केवळ झाकले होते, असे समजावे. मग एक फेरी अधिक करावी किंवा ते मान्य करून पुढे जावे.

यानंतर गाडीला उघड्या हाताने स्पर्श करू नये आणि त्याच दिवशी वॅक्स लावावे. रात्रभर ठेवलेल्या गाडीवर सकाळी पुन्हा धुळीचा थर असतोच. फोमच्या पॅडवर वॅक्स इतके कमी घ्यावे की लावले आहे की नाही अशी शंका यावी. थर जाड झाल्याने तो अधिक टिकत नाही, फक्त पुसायला जड जातो. धुरकट झाल्यावर बोट ओढून पाहावे. बोटाखाली स्वच्छ रेघ उमटली की पुसायला घ्यावे. काळ्या प्लास्टिकवर लागलेले वॅक्स वाळून पांढरे पडते, म्हणून टेप तोवर काढू नये.

हे सगळे दसऱ्याच्या निदान दोन-तीन दिवस आधी उरकावे. पूजेच्या वेळी बॉनेटवर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक आणि हळदीची बोटे उमटणारच, आणि वॅक्सचा थर असला तरी ती रात्रभर ठेवू नयेत. संध्याकाळीच पातळ शाम्पूच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने उचलून घ्यावीत. साबण क्षारधर्मी असेल तर हळद लाल होते, तेव्हा घाबरून घासू लागू नये. पांढऱ्या रंगावर पिवळी छटा राहिलीच तर ती घासून काढण्यापेक्षा गाडी दोन-चार दिवस उन्हात उभी करावी. हळदीचा रंग उन्हात आपोआप उडतो.